कंटेनरमधील फ्रंटएंड बॅकएंडच्या एपीआयला कसे जोडावे

डॉकर (प्रोग्रॅमला कंटेनर नावाच्या वेगळ्या, बंदिस्त जागेत चालवणारे साधन) वापरायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला एक अडचण हमखास गाठते. फ्रंटएंडचा, म्हणजे वाचकाला दिसणाऱ्या भागाचा कंटेनर सुरू होतो, बॅकएंडचा, म्हणजे मागे राहून माहिती पुरवणाऱ्या भागाचाही होतो, पान ब्राउझरमध्ये उघडते. मात्र जिथे यादी दिसायला हवी ती जागा रिकामीच राहते आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांत 'फेल्ड टू फेच' एवढेच उमटते. अशा वेळी कोड पुन्हा पुन्हा वाचून फारसे काही हाती लागत नाही, कारण दोष बहुधा एका बाजूने दुसऱ्या बाजूला हाक मारताना वापरलेल्या पत्त्यात असतो. तो पत्ता कसा ठरवायचा, हे या लेखात क्रमाने पाहू.

उदाहरणासाठी एका वाचनालयाच्या पुस्तकसूचीचे छोटे ॲप घेऊ. त्याचे फ्रंटएंड रिॲक्टमध्ये लिहिलेले असून ते व्हीट या साधनाने बिल्ड होते, म्हणजे ब्राउझरला देता येतील अशा तयार फाइलींत बदलते. बॅकएंड पायथनच्या फास्टएपीआयमध्ये आहे आणि ते युव्हिकॉर्न सर्व्हरवर ८००० या पोर्टवर चालते. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. पुस्तकांची यादी बॅकएंडच्या एपीआयकडून, म्हणजे इतर प्रोग्रॅमना माहिती देण्याच्या त्याच्या मार्गांपैकी '/एपीआय/बुक्स' या मार्गावर मिळते. तुमचे तंत्रज्ञान वेगळे असले, तरी पुढचे बहुतेक सर्व जसेच्या तसे लागू पडेल. कमांड, मार्ग आणि सेटिंगची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची आहेत.

पहिली पायरी: विनंती कोण करते, ते ओळखा

फ्रंटएंड कंटेनरमध्ये आहे, असे आपण सहज म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. कंटेनरमध्ये असतात त्या बिल्ड झालेल्या एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या फाइली, आणि त्या मागणाऱ्याच्या हाती देणारा एक सर्व्हर. जावास्क्रिप्ट प्रत्यक्ष चालते ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे त्याच्या लॅपटॉपवर किंवा फोनवर. त्यामुळे पुस्तकांची यादी मागणारी विनंती फ्रंटएंडच्या कंटेनरमधून निघतच नाही. ती ब्राउझरमधून निघते, आणि ब्राउझरला डॉकरच्या आतल्या नेटवर्कची काहीही कल्पना नसते.

डॉकरच्या आत एका कंटेनरने दुसऱ्याला नावाने हाक मारता येते. बॅकएंडच्या सेवेचे नाव 'बॅकएंड' ठेवले असेल, तर शेजारच्या कंटेनरसाठी 'बॅकएंड:८०००' हा पूर्ण आणि बरोबर पत्ता असतो. हाच पत्ता रिॲक्टच्या कोडमध्ये लिहिला, तर ब्राउझर 'एरर नेम नॉट रिझॉल्व्हड' असे सांगून थांबतो. सोसायटीच्या इंटरकॉमवर १०२ दाबले की पहिल्या मजल्यावरचे घर लागते, पण तोच आकडा बाहेरच्या मोबाइलवरून लावून उपयोग नसतो, तशातला हा प्रकार आहे.

'लोकलहोस्ट' या नावाचा घोळ याहून अधिक वेळ खातो. लोकलहोस्ट म्हणजे विनंती करणारा जिथे उभा आहे तीच जागा. ब्राउझरने लोकलहोस्ट म्हटले की अर्थ होतो वाचकाचे स्वतःचे यंत्र. कंटेनरमधल्या प्रोग्रॅमने म्हटले की अर्थ होतो तोच कंटेनर. म्हणूनच लोकलहोस्टचा पत्ता लिहिलेले ॲप तुमच्या लॅपटॉपवर छान चालते आणि सहकाऱ्याने फोनवर उघडले की त्याच्या फोनमध्ये बॅकएंड शोधत बसते.

कोणताही पत्ता लिहिण्याआधी ही विनंती कोण करणार आहे, हे स्वतःला विचारायची सवय लावून घ्यावी. ब्राउझर करणार असेल, तर पत्ता बाहेरून पोहोचता येईल असा हवा. दुसरा कंटेनर करणार असेल, तर सेवेचे नाव आणि कंटेनरच्या आतला पोर्ट वापरावा. आणि कंटेनरमधल्या प्रोग्रॅमला थेट तुमच्या यंत्रावर, डॉकरबाहेर चालणारी एखादी सेवा गाठायची असेल, तर 'होस्ट.डॉकर.इंटर्नल' हे खास नाव वापरावे. डॉकर डेस्कटॉपमध्ये ते आपोआप मिळते; लिनक्सवर डॉकर इंजिन वापरत असाल, तर कंपोजच्या फाइलमध्ये (अनेक कंटेनर एकत्र सुरू करण्यासाठी लिहिलेल्या फाइलमध्ये) 'एक्स्ट्रा होस्ट्स'खाली ते 'होस्ट-गेटवे'शी जोडावे लागते.

दुसरी पायरी: बॅकएंड बाहेरची हाक ऐकतो का, ते पाहा

विकासाच्या सोयीसाठी अनेक सर्व्हर मुळात फक्त १२७.०.०.१ या, म्हणजेच लोकलहोस्टच्या पत्त्यावर ऐकतात. युव्हिकॉर्न, फ्लास्क आणि जँगोचा विकास सर्व्हर हे तिन्ही याच पठडीतले आहेत. कंटेनरमध्ये याचा परिणाम असा होतो की बॅकएंड फक्त स्वतःच्या कंटेनरमधूनच गाठता येतो. पोर्ट बाहेर उघडलेला असतो, कंटेनरही 'रनिंग' दिसतो, तरी जोडणी होता होता तुटते.

उपाय एका ओळीचा आहे. सर्व्हर सुरू करण्याच्या कमांडमध्ये होस्ट म्हणून ०.०.०.० द्यावा, म्हणजे तो कंटेनरच्या सर्व नेटवर्क जोडण्यांवर ऐकू लागतो. खात्री करण्यासाठी 'डॉकर कंपोज लॉग्ज बॅकएंड' ही कमांड चालवून युव्हिकॉर्नने सुरुवातीला छापलेली 'रनिंग ऑन' ही ओळ वाचावी. तिथे १२७.०.०.१ दिसले, तर पुढे काहीही तपासण्यात अर्थ नाही; आधी तेवढे दुरुस्त करावे. नोडच्या एक्सप्रेसमध्ये मात्र पत्ता न देता फक्त पोर्ट दिला, तर तो सर्व जोडण्यांवरच ऐकतो.

तिसरी पायरी: कंपोजची फाइल

कंपोजच्या फाइलमध्ये 'फ्रंटएंड', 'बॅकएंड' आणि 'डीबी' अशा तीन सेवा लिहाव्यात. वेगळे नेटवर्क लिहिण्याची गरज नाही, कारण कंपोज प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतःचे एक नेटवर्क आपोआप तयार करते आणि त्या नेटवर्कवर डॉकरचा आतला डीएनएस सर्व्हर सेवांच्या नावांचे पत्ते सांगतो. हा डीएनएस सर्व्हर कंटेनरला १२७.०.०.११ या पत्त्यावर दिसतो. हा आकडा पुढे एकदा लागणार आहे. 'डॉकर रन' या कमांडने सुटे सुटे सुरू केलेले कंटेनर डॉकरच्या मूळ 'ब्रिज' नेटवर्कवर जातात आणि तिथे नावाने हाक मारण्याची ही सोय नसते. सेवेच्या नावात अंडरस्कोअर वापरू नये. यजमानाच्या (होस्टच्या) नावात ते चिन्ह वैध नसल्यामुळे जँगोसारखी काही फ्रेमवर्क अशा नावाची विनंती थेट नाकारतात.

पोर्टच्या जोडीत डावीकडचा आकडा तुमच्या यंत्राचा आणि उजवीकडचा कंटेनरचा असतो. फ्रंटएंडसाठी '८०८०:८०' लिहिले, म्हणजे ब्राउझरमध्ये लोकलहोस्टवर ८०८० टाकले की कंटेनरमधल्या ८० पोर्टवर पोहोचता येते. कंटेनर एकमेकांशी बोलताना मात्र डावीकडच्या आकड्याला काही किंमत नसते. तिथे नेहमी उजवीकडचाच चालतो. बॅकएंडसाठी '९०००:८०००' लिहून फ्रंटएंडच्या कंटेनरमधून 'बॅकएंड:९०००' गाठायला जाणे ही फार नेहमीची चूक आहे. 'एक्सपोज' या शब्दाने काहीही उघडत नाही; ती केवळ वाचणाऱ्यासाठीची नोंद असते.

माझा आग्रह असा आहे की फक्त फ्रंटएंडचाच पोर्ट बाहेर उघडावा, आणि बॅकएंड व डेटाबेस यांचे पोर्ट फाइलमध्ये लिहूच नयेत. जे बाहेरून गाठायचे नाही ते बाहेर दिसताच कामा नये. हे शक्य कसे होते, ते पाचव्या पायरीत येईल.

'डिपेंड्स ऑन' लिहिल्याने फक्त सुरू होण्याचा क्रम ठरतो. समोरची सेवा कामाला तयार झाली आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्या सेवेला 'हेल्थचेक', म्हणजे ती तयार आहे का हे तपासणारी कमांड देऊन 'सर्व्हिस हेल्दी' ही अट घालावी लागते. पोस्टग्रेससाठी त्याच्याच इमेजमधली (इमेज म्हणजे कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा) 'पीजी इज रेडी' ही कमांड पुरते. बॅकएंडच्या हेल्थचेकमध्ये अनेक जण कर्ल (टर्मिनलमधून विनंती पाठवणारी कमांड) वापरतात, पण पायथनच्या 'स्लिम' इमेजमध्ये कर्ल नसतो. मग चालू असलेली सेवा कायम 'अनहेल्दी' दिसत राहते आणि तिच्यावर अवलंबून असलेला कंटेनर सुरूच होत नाही. तिथे पायथनच्याच एका ओळीने तपासणी करावी.

चौथी पायरी: एपीआयचा पत्ता बिल्डच्या वेळी गोठतो, हे लक्षात घ्या

या पायरीपाशी सर्वाधिक लोक अडकतात, म्हणून येथे थोडे थांबू. बॅकएंडमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे कोडबाहेरून पुरवलेले सेटिंग, कंटेनर सुरू होताना वाचले जाते; कंपोजच्या फाइलमध्ये किंमत बदलून कंटेनर पुन्हा उभा केला की नवी किंमत लागू होते. फ्रंटएंडमध्येही तसेच घडेल, अशी अपेक्षा स्वाभाविक असते, पण तसे घडत नाही. व्हीटमध्ये 'व्हीट अंडरस्कोअर' या उपसर्गाने सुरू होणारी व्हेरिएबल्स बिल्डच्या वेळी वाचली जातात आणि कोडमध्ये जिथे त्यांचा उल्लेख आहे, तिथे त्यांची किंमत अक्षरशः लिहिली जाते. बिल्ड झालेल्या जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल उरतच नाही, उरतो तो तयार पत्ता. कंपोजच्या फाइलमध्ये फ्रंटएंडच्या 'एन्व्हायर्नमेंट'खाली कितीही वेळा नवा पत्ता लिहिला, तरी आधीच बिल्ड झालेल्या इमेजमधला पत्ता तसाच राहतो.

याची शहानिशा करणे अवघड नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'नेटवर्क' हा भाग उघडावा, पान ताजे करावे आणि अयशस्वी विनंतीवर टिचकी मारून तिचा पूर्ण पत्ता वाचावा. तिथे जुनाच पत्ता किंवा पत्त्याच्या जागी 'अनडिफाइन्ड' हा शब्द दिसला, तर व्हेरिएबल बिल्डपर्यंत पोहोचलेले नाही.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, पत्ता डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'आर्ग' म्हणून घेऊन बिल्डच्या वेळी पुरवणे. यात चाचणीसाठी आणि प्रत्यक्ष वापरासाठी वेगवेगळ्या इमेज बनवाव्या लागतात. दुसरा, कंटेनर सुरू होताना एका छोट्या स्क्रिप्टने पत्ता असलेली वेगळी फाइल लिहायची आणि पानाने ती आधी वाचायची. एपीआय खरोखरच वेगळ्या डोमेनवर असेल, तर हा मार्ग चांगला. तिसरा, आणि नवख्याने प्रथम हाच घ्यावा असे मला मनापासून वाटते, तो म्हणजे कोडमध्ये यजमानाचे नावच न लिहिणे. विनंती केवळ '/एपीआय/बुक्स' अशी लिहावी. ब्राउझर मग ती ज्या ठिकाणाहून पान आले त्याच ठिकाणी पाठवतो, मग ते लोकलहोस्ट असो, कार्यालयातला चाचणी सर्व्हर असो किंवा प्रत्यक्ष संकेतस्थळ असो. एकच इमेज सगळीकडे चालते.

एक गोष्ट येथेच सांगणे गरजेचे आहे. बिल्डमध्ये गेलेली प्रत्येक किंमत वाचकाच्या ब्राउझरपर्यंत पोहोचते आणि कोणीही ती वाचू शकतो. त्यामुळे पासवर्ड किंवा गुप्त किल्ली फ्रंटएंडच्या व्हेरिएबलमध्ये कधीही ठेवू नये.

पाचवी पायरी: एंजिनएक्सला मधला दुवा करा

विनंती पान देणाऱ्या सर्व्हरकडेच येत असेल, तर ती बॅकएंडकडे पुढे पाठवण्याची जबाबदारी त्या सर्व्हरची होते. यालाच रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. पान देणारा हा सर्व्हर म्हणून आपण एंजिनएक्स वापरू; तो फ्रंटएंडच्या कंटेनरमध्येच, म्हणजे डॉकरच्या नेटवर्कच्या आत उभा असल्यामुळे त्याला 'बॅकएंड' हे नाव बरोबर कळते.

डॉकरफाइल दोन टप्प्यांत लिहावी. पहिल्या टप्प्यात नोडच्या इमेजमध्ये पॅकेजेस बसवून बिल्ड करावे. दुसऱ्या टप्प्यात एंजिनएक्सच्या अल्पाइन इमेजमध्ये 'डिस्ट' फोल्डरमधल्या फाइली '/यूएसआर/शेअर/एंजिनएक्स/एचटीएमएल' येथे आणि तुमची सेटिंगची फाइल '/ईटीसी/एंजिनएक्स/कॉन्फ.डी' येथे 'डीफॉल्ट.कॉन्फ' या नावाने ठेवावी. अंतिम इमेजमध्ये नोड राहत नाही आणि ती बरीच हलकी होते.

सेटिंगच्या फाइलमध्ये 'लोकेशन'चे दोन भाग लागतात. पहिला भाग '/एपीआय/' या मार्गासाठी, ज्यात 'प्रॉक्सी पास' ही सूचना 'एचटीटीपी://बॅकएंड:८०००' असा पत्ता देते. दुसरा भाग नुसत्या '/' या मार्गासाठी, ज्यात 'ट्राय फाइल्स' ही सूचना आधी मागितलेली फाइल शोधते आणि ती नसेल, तर 'इंडेक्स.एचटीएमएल' देते, रिॲक्टच्या राउटरमधली आतली पाने ताजी केल्यावर ४०४ येऊ नये, यासाठी हे आवश्यक आहे.

'प्रॉक्सी पास'च्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची की नाही, यावर बरेच काही अवलंबून आहे. रेघ दिली, तर एंजिनएक्स मार्गातला '/एपीआय/' हा भाग काढून त्या जागी '/' ठेवतो आणि बॅकएंडला फक्त '/बुक्स' मिळते. रेघ दिली नाही, तर पूर्ण मार्ग जसाच्या तसा जातो. दोन्ही रीती वैध आहेत, पण रेघ न देता बॅकएंडमधल्या मार्गांनाच '/एपीआय' हा उपसर्ग लावणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. ब्राउझरमध्ये दिसणारा मार्ग, एंजिनएक्सच्या लॉगमधला मार्ग आणि बॅकएंडच्या कोडमधला मार्ग एकच राहतो, आणि रात्री उशिरा दोष शोधताना हा एकसारखेपणा फार उपयोगी पडतो.

या जोडणीत एक त्रुटी अशी येते की तिचा संदेश वाचून मूळ कारण लक्षातच येत नाही. विनंतीला २०० हा यशस्वी प्रतिसाद मिळतो, पण जावास्क्रिप्ट 'अनएक्स्पेक्टेड टोकन' असे म्हणत कोनी कंसाकडे बोट दाखवते आणि जेसन वाचण्यास नकार देते. तो कोनी कंस हा 'इंडेक्स.एचटीएमएल'चे पहिले अक्षर असतो. म्हणजे विनंती '/एपीआय/'च्या भागात न जाता दुसऱ्या भागात गेली आणि 'ट्राय फाइल्स'ने इमानेइतबारे मुख्य पान परत दिले. 'लोकेशन'मधला मार्ग आणि कोडमधला मार्ग अक्षर न् अक्षर जुळवून पाहिला की ही त्रुटी सुटते.

सहावी पायरी: विकासाच्या काळातली व्यवस्था

रोजच्या कामात प्रत्येक बदलानंतर बिल्ड करणे परवडत नाही. तिथे व्हीटचा विकास सर्व्हर ५१७३ या पोर्टवर चालवतात. एंजिनएक्सचे काम तेव्हा व्हीटचा स्वतःचा प्रॉक्सी करतो. 'व्हीट.कॉन्फिग' फाइलमध्ये 'सर्व्हर'च्या आत 'प्रॉक्सी'खाली '/एपीआय' या मार्गासाठी बॅकएंडचा पत्ता द्यावा. येथेही पहिल्या पायरीतला प्रश्न लागू होतो. व्हीट कंटेनरमध्ये चालत असेल, तर पत्ता 'बॅकएंड:८०००'. व्हीट थेट तुमच्या यंत्रावर आणि फक्त बॅकएंड कंटेनरमध्ये असेल, तर बॅकएंडचा पोर्ट तेवढ्यापुरता उघडून १२७.०.०.१ वरचा ८००० द्यावा. कंटेनरमधल्या व्हीटला 'होस्ट' हा पर्यायही द्यावा लागतो, नाहीतर तोही दुसऱ्या पायरीतल्या सर्व्हरप्रमाणे फक्त स्वतःशीच बोलतो.

सातवी पायरी: कॉर्सची गरज खरोखर आहे का?

ब्राउझरच्या दृष्टीने प्रोटोकॉल, यजमान आणि पोर्ट हे तिन्ही सारखे असतील तरच दोन पत्ते एकाच मूळ ठिकाणाचे ठरतात. ८०८० वरचे पान आणि ८००० वरचा एपीआय हे यंत्र एकच असूनही वेगळे धरले जातात, आणि बॅकएंडने प्रतिसादाच्या हेडरमधून परवानगी दिल्याशिवाय ब्राउझर तो प्रतिसाद जावास्क्रिप्टच्या हाती देत नाही. परवानगीच्या या पद्धतीलाच कॉर्स म्हणतात. हे बंधन ब्राउझरचे आहे. म्हणूनच टर्मिनलमधून कर्लने तीच विनंती निर्धास्त चालते. पाचव्या पायरीप्रमाणे सर्व काही एकाच ठिकाणाहून दिले, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

एपीआय वेगळ्या डोमेनवर ठेवणे भागच असेल, तर फास्टएपीआयच्या कॉर्स मिडलवेअरमध्ये फ्रंटएंडचा पत्ता प्रोटोकॉल व पोर्टसह, शेवटची तिरकी रेघ न देता लिहावा. सरसकट तारांकन, म्हणजे सर्वांना परवानगी, टाकून मोकळे होऊ नये. कुकीसह जाणाऱ्या विनंत्यांना ब्राउझर तारांकन मान्यच करत नाही. आणि कन्सोलमध्ये कॉर्सची तक्रार दिसली, तरी आधी बॅकएंडचा लॉग पाहावा. बॅकएंड मध्येच कोसळून ५०० हा प्रतिसाद देतो, तेव्हा त्यावर परवानगीचे हेडर बहुधा नसते, आणि मग खरा दोष डेटाबेसच्या पासवर्डमध्ये असूनही ब्राउझर बोट कॉर्सकडे दाखवतो.

आठवी पायरी: आतून बाहेर तपासत या

जोडणी चालत नसेल, तर ब्राउझरपासून नव्हे, बॅकएंडपासून सुरुवात करावी. प्रथम बॅकएंडचा लॉग वाचावा. नंतर 'डॉकर कंपोज एक्झेक फ्रंटएंड' या कमांडने फ्रंटएंडच्या कंटेनरमध्ये शिरून 'डब्ल्यूगेट'ने 'बॅकएंड:८०००/एपीआय/बुक्स' मागून पाहावे. अल्पाइन इमेजमध्ये डब्ल्यूगेट असतोच. 'बॅड ॲड्रेस' आले, तर नाव चुकले आहे किंवा दोन्ही कंटेनर एका नेटवर्कवर नाहीत. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले, तर नाव सापडले, पण पोर्ट चुकला आहे किंवा बॅकएंड १२७.०.०.१ वरच ऐकत आहे. येथे पुस्तकांची यादी मिळाली, तर तुमच्या यंत्रावरून कर्लने ८०८० पोर्टवर तोच मार्ग मागावा. आता विनंती एंजिनएक्समधून जाते. शेवटी ब्राउझर. ज्या टप्प्यावर यादी मिळणे थांबते, दोष त्याच टप्प्यात असतो.

एंजिनएक्सकडून ५०२ आला, तर त्याला बॅकएंडपर्यंत पोहोचता आले नाही. ५०४ आला, तर पोहोचता आले, पण ठरलेल्या वेळेत उत्तर मिळाले नाही, आणि ही वेळ मुळात ६० सेकंद असते. ५०२ चे एक विशेष कारण असे: एंजिनएक्स 'बॅकएंड' या नावाचा आयपी पत्ता सुरू होताना एकदाच विचारतो. तुम्ही फक्त बॅकएंडचा कंटेनर नव्याने उभा केला आणि त्याला वेगळा आयपी मिळाला, तर एंजिनएक्स जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. फ्रंटएंडचा कंटेनर पुन्हा सुरू केला की काम भागते. कायमचा उपाय हवा असेल, तर 'रिझॉल्व्हर' म्हणून १२७.०.०.११ द्यावा आणि बॅकएंडचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवून तो 'प्रॉक्सी पास'ला द्यावा. त्यामुळे सुरुवातीला बॅकएंड सापडला नाही म्हणून 'होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम' असे म्हणत एंजिनएक्स बंद पडण्याचाही प्रश्न मिटतो.

नववी पायरी: सर्व्हरवर नेण्याआधी

पान एचटीटीपीएसवरून आले असेल, तर ब्राउझर त्यातून साध्या एचटीटीपीवरच्या एपीआयला जाणारी विनंती अडवतो. चौथ्या पायरीतला यजमानाचे नाव नसलेला, म्हणजे सापेक्ष मार्ग वापरणाऱ्याला याची झळ लागत नाही. एंजिनएक्समधून 'होस्ट', 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' आणि 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हे हेडर पुढे पाठवावेत, मात्र युव्हिकॉर्न मुळात फक्त १२७.०.०.१ वरून आलेल्या अशा हेडरवर विश्वास ठेवतो. कंटेनरमध्ये एंजिनएक्सचा पत्ता वेगळा असल्याने 'फॉरवर्डेड अलाउ आयपीज' हा पर्याय द्यावा लागतो, अन्यथा बॅकएंडने तयार केलेल्या लिंक एचटीटीपीच्याच राहतात.

लिनक्सवर डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून बाहेर दिसतात, हे अनेकांना ठाऊक नसते. बॅकएंडचा किंवा पोस्टग्रेसचा पोर्ट तपासणीसाठी उघडावाच लागला, तर पोर्टच्या जोडीच्या आधी १२७.०.०.१ लिहून तो त्याच यंत्रापुरता मर्यादित करावा. पुस्तकांच्या मुखपृष्ठांची चित्रे चढवायची असतील, तर एंजिनएक्सची विनंतीच्या आकाराची मूळ मर्यादा १ एमबी आहे. त्याहून मोठी फाइल आली की तो बॅकएंडला न विचारताच ४१३ परत करतो, म्हणून 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' आपल्या गरजेप्रमाणे वाढवून बॅकएंडमध्येही तेवढीच मर्यादा ठेवावी.